एका धक्क्याच्या मागावर

ऑक्सफर्ड, १६५९

काचेच्या मोठ्या गोळ्यात, दोऱ्याला बांधून, एक घड्याळ लोंबत सोडलंय. तुम्ही गोळ्यापासून फूटभर अंतरावर उभे आहात आणि टिकटिक स्वच्छ ऐकू येतेय. हाय स्ट्रीटवरच्या एका औषधविक्रेत्याच्या घरातली ही खोली. इथे राहणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल गोळ्याकडे एकटक बघतायत. गोळ्याखालच्या पितळी नळकांड्याची मूठ रॉबर्ट हूक फिरवतोय. हा पंप त्यानेच उभा केलाय. दट्ट्या करकरत खाली जातो, सांध्यांवर ओतलेल्या तेलाचा वास येतो आणि मुठीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक गोळ्यातली थोडी हवा बाहेर काढली जाते.

तुमच्याकडे एकच काम आहे, ऐकायचं. काही फेऱ्यांनंतर टिकटिक पुसट होते. आणखी काही फेऱ्या, आणि तुम्ही कान काचेच्या अगदी जवळ नेता. काहीच नाही. घड्याळ बंद पडलं म्हणावं, तर काटा चालताना दिसतोय. मग हवेला वाट मोकळी करून दिली जाते. ती फुसफुसत आत शिरते आणि तिच्यासोबत टिकटिकही परत येते.

घड्याळ दोऱ्याला बांधायचं कारण ध्यानात घ्या. ते काचेवर ठेवलं असतं तर त्याची थरथर काचेतूनच बाहेर आली असती आणि प्रयोग फसला असता. काचेतला उजेड हवेवाचून तुमच्यापर्यंत आला. आवाज मात्र येऊ शकला नाही. त्याला वाहून न्यायला काहीतरी लागतं.

ते काहीतरी करतं काय? घड्याळाची थरथर शेजारच्या हवेला दाबते, ती हवा तिच्या पुढच्या हवेला दाबते आणि स्वतः मागे येते. मिरज जंक्शनवर मालगाडीच्या डब्यांना इंजिनाने धडक दिली की खडखडाट शेवटच्या डब्यापर्यंत धावत जातो आणि प्रत्येक डबा मात्र जेमतेम वीतभर सरकतो. हवेचंही तसंच. ती जागच्या जागी मागेपुढे होते, प्रवास करतो तो धक्का. त्या धक्क्याच्या मागे तुम्हांला शेवटपर्यंत जायचंय. तो शेवट तुमच्याच डोक्यात आहे आणि तिथवर पोचायला विज्ञानाला तीनशेहून अधिक वर्षं लागली.

मोंलेरी, १७३८

मार्चमधली थंड रात्र. पॅरिसच्या दक्षिणेला मोंलेरीच्या जुन्या बुरुजापाशी तुम्ही उत्तरेकडे तोंड करून उभे आहात. समोर सुमारे २९ किलोमीटरवर मोंमार्त्रची टेकडी आहे आणि तिच्यावर तोफ ठासून ठेवलेली आहे. विज्ञान अकादमीने कासिनी द थ्युरी, माराल्दी आणि लाकाय यांना आवाजाचा वेग मोजायच्या कामावर नेमलंय. शेजारी सेकंद ठोकणारं लंबकाचं घड्याळ आहे. कुणी बोलत नाही.

क्षितिजावर एक ठिणगी चमकते. उजेडाला एवढं अंतर कापायला सेकंदाचा दहाहजारावा भाग लागतो, म्हणजे तोफ आत्ताच उडाली असं धरायला हरकत नाही. मोजायला लागा. वीस मोजेपर्यंत धक्का झोपलेलं पॅरिस ओलांडून दक्षिणेच्या शेतांवर आलेला असतो. चाळीस. साठ. वाट बघताना शंका येऊ लागते की आपल्या कानांनी तो चुकवला. ऐंशीच्या पुढे गेल्यावर, जवळजवळ दीड मिनिटाने, एक बारीक धप्प ऐकू येतं.

असं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या हवामानात. वारा तोफेकडून तुमच्याकडे असेल तर आवाज लवकर येतो, उलटा असेल तर उशिरा. स्वच्छ आकाश असो की पाऊस, वेगात फरक पडत नाही. मोठ्या आवाजाचा वेग आणि लहान आवाजाचा वेगही एकच. शून्य अंश सेल्सिअसला हिशेब करून आणलं तर त्यांचा आकडा सेकंदाला ३३२ मीटर येतो. आज आपण ३३१ मानतो. तोफ, लंबक आणि जागे राहिलेले कान एवढ्याच भांडवलावर काढलेला हा आकडा आहे.

पण त्या आकड्याने एक कोडं घट्ट करून ठेवलं. न्यूटनने हवेचं वजन आणि तिची उसळी यांवरून आवाजाचा वेग गणिताने काढला होता आणि तो सेकंदाला तीनशे मीटरच्याही खाली येत होता. दहा-पंधरा टक्क्यांची तूट न्यूटनच्या गणितात राहावी, ही साधी गोष्ट नव्हती. तिचं उत्तर फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१६ मध्ये दिलं. दाबली गेलेली हवा तापते. आवाजाचा धक्का इतक्या घाईने पुढे सरकतो की ती ऊब आजूबाजूला पसरायला सवडच मिळत नाही. तापलेली हवा जास्त जोराने उसळते, म्हणून धक्का न्यूटनच्या हिशेबापेक्षा पुढे निघतो. तुम्ही उच्चारलेल्या प्रत्येक शब्दाच्या वाटेवर हवा अतिसूक्ष्म प्रमाणात तापत आणि निवत जाते.

जिनिव्हा सरोवर, १८२६

नोव्हेंबर. काळोखात हेलकावणाऱ्या नावेत तुम्ही बसला आहात. मागे थोनों गावाचा किनारा आहे. शेजारी तेवीस-चोवीस वर्षांचा जाँ-दानिएल कोलादों, हातात वेळ मोजायचं यंत्र घेऊन. नावेच्या कडेला माणसाच्या उंचीहून लांब पत्र्याची नळी पाण्यात सोडलेली आहे. तिचं खालचं रुंद तोंड पडद्याने बंद केलंय आणि ते पलीकडच्या रोल गावाकडे वळवलेलं आहे. तिथे, १३,४८७ मीटरवर, दुसऱ्या नावेखाली पाण्यात एक जड घंटा टांगली आहे. घंटेवर हातोडा पडतो त्याच क्षणी एक पेटती वात बंदुकीच्या दारूला भिडते, अशी दोन्हींची जोडणी केलेली आहे.

कोलादों तुम्हांला जागा देतो. नळीच्या वरच्या तोंडाला कान लावा. पत्रा गार आहे. आतून पाण्याची अस्फुट कुजबुज येते. दूरवर आकाशात उजेडाचा एक झोत उठतो. एक, दोन, तीन... आणि नऊ संपून दहा पुरे व्हायच्या आत, टक्. घंटेचा नाद म्हणावा असं त्यात काही नाही, घणघण नाही, लांबणारा सूर नाही. दोन सुऱ्यांची पाती एकमेकींवर आपटावीत तसा कोरडा, तुटक आवाज. कोलादोंने त्याचं वर्णन असंच केलंय.

वेळ ९.४ सेकंद, वेग सेकंदाला १,४३५ मीटर. हेच अंतर हवेतून कापायला आवाजाला ४० सेकंद लागले असते. पाणी हवेपेक्षा आठशेपट जड, मग त्यातून धक्का चौपटीहून वेगाने कसा जातो? कारण पाणी जड आहेच, पण दबायला त्याहून कितीतरी नाखूश आहे. त्याला दाबणं हवेला दाबण्यापेक्षा सुमारे १५,००० पट अवघड. १५,००० ला ८०० ने भागा आणि वर्गमूळ काढा, उत्तर सव्वाचारच्या जरा वर येतं. आवाजाच्या वेगाचा सगळा कारभार या दोन गोष्टींतल्या ओढाताणीवर चालतो. वजन त्याला मागे खेचतं, ताठरपणा पुढे ढकलतो.

आता एक गोष्ट करून बघा, कारण पुढच्या सगळ्या प्रवासाची किल्ली तिच्यात आहे. पुढच्या घंटेच्या वेळी कान नळीपासून दूर घ्या. उजेड दिसतो. दहा सेकंद जातात, वीस जातात. काही ऐकू येत नाही. घंटेचा आवाज तुमच्या नावेखालून गेला, पण पाण्याच्या पृष्ठभागातून वर आला नाही. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाजाची हजारातली सुमारे ९९९ भाग ऊर्जा मागे परतते. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, दोन्ही दिशांना नियम एकच. हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या कानाच्या आत पाणी भरलेलं आहे.

सांगली, १९१० च्या सुमारास

घंटेचं टक् आणि गवयाचा गंधार यांत फरक काय? टक् हा एकटा धक्का आहे. गंधार म्हणजे एकसारख्या अंतराने, सेकंदाला शेकडो वेळा येणारे धक्के. त्यांची मोजदाद बघायला तुम्ही निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्यासमोर बसला आहात. बावीस श्रुतींवरचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवरचं, त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० चं. या खटाटोपात त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ मिळाली आहे. समोर लाकडी पेटीवर दोन तारा ताणलेल्या आहेत आणि तारांखाली सरकणारी घोडी.

तार ९० सेंटिमीटर लांब आणि तिचा षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरा. घोडी ६० सेंटिमीटरवर आणली की ३६० कंपनं होतात, तो पंचम. ७२ वर आणली की ३००, तो शुद्ध गंधार. आता पहिल्या तारेवर हा गंधार कायम ठेवा आणि दुसऱ्या तारेवरची घोडी ७१.४ सेंटिमीटरवर घ्या. हा सप्तकाचे सारखे भाग पाडणाऱ्या हार्मोनिअमचा गंधार, ३०२.४ कंपनांचा. फरक सहा मिलिमीटरांचा. दोन्ही तारा एकदम छेडा. आवाज स्थिर राहत नाही, हेलकावतो. सेकंदाला दोन-अडीच वेळा भरतो आणि ओसरतो. दोन्ही तारांचे धक्के एकमेकांवर पडले की आवाज वाढतो, एकाचा दाब आणि दुसऱ्याची ओढ एकत्र आली की तो मावळतो. घोडी केसभर केसभर मागे सरकवा. हेलकावे लांबत जातात, मग थांबतात. सूर जुळला.

मैफलीत तंबोरा लावताना वादक हेच ऐकत असतो. श्रुती किती आणि त्यांची नेमकी जागा कोणती, यावर तेव्हाही वाद झडले. पण देवलांनी केलं ते मोलाचं होतं. त्यांनी गवयाच्या कानाचा निर्णय मोजपट्टीवर उतरवला, आणि कान तीनशे कंपनांत दोन-अडीच कंपनांचा फरक पकडतो हे त्यातून समोर येतं. त्या कानात एवढं नाजूक काय आहे, हे बघायला आता आत शिरावं लागेल.

बुडापेस्ट, दोन महायुद्धांच्या मधला काळ

हंगेरीच्या पोस्टखात्याची प्रयोगशाळा. टेलिफोनचं जाळं सुधारायचं तर पैसे कुठे घालावेत, हा इथला रोजचा प्रश्न. जॉर्ज फॉन बेकेशी नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने तो उलट्या टोकाने धरला. तारेच्या शेवटी जो कान आहे, तो मुळात काम कसा करतो? म्हणून टेबलावर मृत माणसाच्या कानाजवळचं हाड आहे आणि पाण्याखाली धरलेलं सूक्ष्मदर्शक. घाई आहे, कारण मृत्यूनंतर आतले नाजूक पडदे लवकर बदलतात.

डोळा लावायच्या आधी वाट समजून घ्या. कानाच्या पडद्यापर्यंत हवा आहे. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांना टेकून उभी आहेत. त्यांतली रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. तिच्या तळव्यापलीकडे कॉक्लिया, शंखाच्या आकाराची अडीच वेढ्यांची पोकळी, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली. जिनिव्हाच्या सरोवरावर पाहिलेली सीमा इथेही आडवी येते. हवेचा धक्का थेट त्या द्रवावर आपटला असता तर जवळजवळ सगळा परत फिरला असता. म्हणून ही तीन हाडं. पडद्याचं काम करणारं क्षेत्र ५५ चौरस मिलिमीटर, रिकिबीच्या तळव्याचं तीनच्या जरा वर. मोठ्या जागेवरचा जोर सतराव्या हिश्श्यावर एकवटतो, हाडांच्या तरफेची आणखी थोडी भर पडते, आणि दाब साधारण बावीसपट होऊन द्रवात उतरतो.

आता भिंगातून बघा. कॉक्लियाच्या आत लांबीभर एक पडदा ताणलेला आहे, सुमारे ३५ मिलिमीटरचा. रिकिबीजवळ तो अरुंद आणि ताठ, दूरच्या टोकाला रुंद आणि सैल. बेकेशीने आत चांदीचे बारीक कण टाकलेत, पारदर्शक पडद्याची हालचाल दिसावी म्हणून. स्वर सुरू होतो. उघडझाप करणारा दिवा स्वराच्या जवळपासच्या लयीत लुकलुकतो आणि एरवी डोळ्यांना न गवसणारी थरथर संथ होऊन समोर येते. रिकिबीकडून एक लाट निघते, पडद्यावरून पुढे जाते, फुगत जाते, एका ठिकाणी सर्वांत उंच होते आणि तिथून पुढे झपकन विरते. उंच स्वराची लाट रिकिबीजवळच संपते. खालचा स्वर पार टोकापर्यंत जातो.

म्हणजे कॉक्लिया स्वरांची जागेनुसार वाटणी करते. षड्ज एका ठिकाणी उठतो, पंचम दुसऱ्या ठिकाणी. दोन गंधारांचा हेलकावा का ऐकू आला, तेही इथे दिसतं. ३०० आणि ३०२ च्या लाटा पडद्याच्या जवळजवळ एकाच भागावर उठतात, तिथले धक्के एकमेकांत मिसळतात. बेकेशीचे या विषयावरचे पहिले निष्कर्ष १९२८ चे, नोबेल पारितोषिक १९६१ चं.

लंडन, १९७८

पण बेकेशीची लाट पसरट होती आणि ती दिसावी म्हणून आवाज प्रचंड मोठा ठेवावा लागे. मेलेल्या कानातली ती लाट जिवंत गवयाच्या कानाची तीक्ष्णता समजावून देऊ शकत नव्हती. जिवंत कान जे हलकेपण पकडतो ते अविश्वसनीय आहे. ऐकू येण्याच्या अगदी सीमेवरच्या आवाजाने हवेचा दाब पाच अब्जांत एका भागाने बदलतो आणि कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो.

लंडनच्या कान-नाक-घशाच्या रुग्णालयात संशोधक डेव्हिड केम्प तुमच्या कानात एक बारीक जोडणी बसवतात. तिच्यात छोटा स्पीकर आणि छोटा मायक्रोफोन आहे. भोवती शांतता. स्पीकरमधून एक टिक् होते. तुम्हांला ती ऐकू येते, आणि काही मिलिसेकंदांनी मायक्रोफोनला कानातून बाहेर येणारा एक क्षीण आवाज सापडतो. कानाच्या नळीतला पडसाद असता तर तो केव्हाच येऊन गेला असता. एवढा उशीर लागतो, कारण तो कॉक्लियात जाऊन आलाय. निरोगी कान ऐकतो आणि ऐकता ऐकता स्वतः आवाज करतो.

हे करतात कॉक्लियातल्या पडद्यावरच्या केशपेशी. प्रत्येक कानात बाहेरच्या ओळींतल्या सुमारे १२,००० पेशी लाट आली की स्वतः आखडतात आणि लांबतात, तेही लाटेच्याच लयीत, आणि क्षीण लाटेला ढकलून मोठी करतात. आतल्या एका ओळीतल्या साडेतीन हजार पेशी ती मोठी झालेली लाट मज्जातंतूंना कळवतात. ऑक्सफर्डच्या गोळ्यापासून तुम्ही ज्या धक्क्याच्या मागे निघालात, तो इथे संपतो. त्याच्या पुढे वीज आहे. आणि शेवटच्या टप्प्यावर त्याला हात देतो तो जिवंत शरीराचा स्वतःचा जोर. ऐकणं आपोआप घडत नाही. शरीर त्यासाठी दर सेकंदाला राबतं.

आजचा दिवस

केम्प यांनी शोधलेला तो क्षीण आवाज आता नवजात बाळांच्या कानात शोधला जातो. बाळ बोलू शकत नाही, मान डोलावू शकत नाही, पण त्याचा कान उत्तर देतो. उत्तर आलं नाही तर पुढच्या तपासण्या होतात आणि बहिरेपण भाषा शिकायच्या वयाआधीच कळतं. आपल्या ओळखीत कुठे बाळ जन्मलं असेल तर ही तपासणी झाली का, हे जरूर विचारा. काही मिनिटांचं काम आहे.

आणि मग संध्याकाळी मिरवणूक येते. स्पीकरची भिंत रचलेला ट्रक, छातीत आदळणारा ठोका. तुम्ही कानाच्या आत जाऊन आला आहात, त्यामुळे इथे काय चाललंय ते तुम्हांला दिसतंय. डेसिबलच्या मापात दर दहाला ऊर्जा दहापट होते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणं ही कामाच्या ठिकाणची नेहमीची मर्यादा. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जा, तर १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. अणूपेक्षा कमी हालचाल टिपणाऱ्या पेशींवर ट्रकासमोर नाचणारी पोरं तासन्‌तास हा मारा घेतात. सर्वांत आधी बाहेरच्या ओळींतल्या पेशी मरतात, त्या क्षीण लाटेला हात देणाऱ्या. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान लगेच कळतही नाही. काही वर्षांनी गर्दीत समोरच्याचं बोलणं नीट उमगेनासं होतं.

भौतिकशास्त्र इथेही आपल्या बाजूने आहे. मोकळ्या जागेत एका स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की ऊर्जा चौथा हिस्सा होते, सहा डेसिबल कमी. भिंतीसारखे रचलेले स्पीकर आणि दोन्हीकडच्या इमारती यांच्यामध्ये उतार याहून कमी असतो, तेव्हा आणखी मागे जावं लागतं. फोमचे बोळे कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात, ते पोराच्या खिशात ठेवा आणि घालायला लावा. ट्रकामागे कडेवर लेकरू घेऊन चालणारी आई दिसली तर तिला हाक मारून बाजूला घ्या, लाजू नका. बॉइलपासून केम्पपर्यंत एवढ्या माणसांनी कष्ट करून हे ज्ञान आपल्या हाती दिलंय. ते वापरून एका लेकराच्या केशपेशी वाचल्या तर त्याला तंबोरा लावता येईल, सुराचा हेलकावा ओळखता येईल आणि म्हातारपणी नातवंडांचं बोलणं समजेल.